हिरवा कोट

लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला यंत्र कधी मोडीत काढायचं हे कुणी शिकवायला नको. पण घरातल्या टीव्हीपुढे आपल्या या मिस्त्रींनी चक्क हात टेकले होते. म्हणजे टीव्हीपुढे नव्हे, बायकोपुढे.

टीव्हीचं म्हणाल तर तो केव्हाच थकला होता. डावीकडे काळी पट्टी, आवाज मधेच गुल, आणि चालू व्हायला पाठीत धपाटा लागे. बायको शिवणाच्या मशीनवर बसून तोच बघायची आणि वर्षानुवर्षं एकच टुमणं लावायची, "अहो, बदला ते डबडं!" मिस्त्री म्हणायचे, "चांगला चालतोय की."

मग ते कोटाचं प्रकरण झालं. बँकेतल्या एका बाईंना मालिकेतली सासू घालते तसाच कोट हवा होता, अगदी त्याच रंगाचा. बायको म्हणाली, "कापडसुद्धा मीच बघून आणते, तुम्ही निर्धास्त राहा." कोट असा झकास बसला की बोलायची सोय नाही. फक्त बाई आरशापुढे घुटमळल्या आणि म्हणाल्या, "काकू, पण हा हिरवा आहे. तिचा निळा असतो."

बायकोने कोटाकडे बघितलं, आरशाकडे बघितलं. मग म्हणाली, "आमच्या टीव्हीत हिरवाच दिसतो हो. मेला टीव्हीच बिघडलाय!" नव्या कापडाचा कोट शिवून द्यायचं कबूल करून तिने बाईंना वाटेला लावलं.

मिस्त्रींना फार वाईट वाटलं. तिच्या हातचं काम आजवर कधी परत आलं नव्हतं, आणि आता आलं ते आपल्या चिकटपणामुळे! "चल, आजच नवा आणू," ते म्हणाले.

"नको."

"का?"

"चांगला चालतोय की."

घ्या! दुसऱ्या दिवशी म्हणे, नवे टीव्ही फार मोठे असतात. तिसऱ्या दिवशी म्हणे, फार पातळ असतात, धक्का लागला की आडवे. लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, आईचं काय बिनसलंय?" "मला विचारू नकोस," मिस्त्री म्हणाले, "सगळं डोक्यावरून चाललंय." लिफ्ट अडकली तर निदान कुठल्या मजल्यावर अडकली ते तरी कळतं. इथे घोडं कुठे पेंड खातंय याचा पत्ताच नव्हता. कालपर्यंत ज्याला शिव्या घातल्या, त्याच्यावर आज एवढी माया? की राग आपल्यावरच आहे आणि टीव्ही नुसतं निमित्त?

शेवटी बटणं घ्यायला निघालेल्या बायकोला त्यांनी सरळ टीव्हीच्या दुकानात नेलं. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर नेमकी तीच मालिका. तोच कोट घालून सासूबाई सुनेला झापत होत्या, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बघ, कसा निळाशार!" मिस्त्री खुशीत म्हणाले. "आता बोल!"

बायको एका टीव्हीपुढून दुसऱ्यापुढे गेली, तिथून तिसऱ्यापुढे. अगदी काचेला नाक लावून बघितलं. मग परत येऊन तिने नवऱ्याची बाही धरली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे सगळेच बिघडलेत का हो?"

मिस्त्री हसणार होते. तिचा चेहरा बघितला आणि थांबले.

"याचीच भीती वाटत होती मला," ती म्हणाली. "घरात तो जुना आहे तोवर दोष त्याचा. नवा आणला की माझा. डोळेच गेले तर मी शिवू काय हो?"

"चल, डॉक्टरकडे जाऊ. आत्ताच."

"डॉक्टरकडे उद्या. आधी कापडवाल्याकडे चला, बाईंचा कोट द्यायचाय." तिने बाही सोडली नव्हती. "निळं कुठलं ते तुम्ही दाखवा."

कापडवाल्याने पुढ्यात ढीग टाकला. मिस्त्री चक्रावले. निळ्यात एवढे प्रकार असतात? जन्मभर त्यांनी लाल बटण आणि हिरवं बटण एवढंच बघितलेलं. बायको एकेक कापड बोटांनी चाचपत होती, पोत बघत होती, आणि तोंडाकडे मात्र त्यांच्या बघत होती. घाम पुसून त्यांनी एका कापडावर बोट ठेवलं.

"नक्की?" तिने विचारलं.

"थांब," मिस्त्री म्हणाले, "परत एकदा बघतो."