ओल्या कणकेचा गोळा

मी एक जुना मृदंग आहे, मित्रांनो. अल्लीपूरच्या मारुतीच्या देवळात खुंटीला टांगलेला असतो. आता थकलोय. माझ्या डाव्या तोंडाच्या कातड्याला एक भेग आहे. तिची गोष्ट सांगतो.

शिसवी लाकूड कोरून मला घडवलं. एकाहत्तर साली मी रूपरावांच्या मांडीशी आलो. रूपराव भाजीपाला पिकवायचे आणि शनिवारी कीर्तनात मला वाजवायचे. त्याआधी माझ्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, तरच खर्ज घुमतो. कीर्तन संपलं की ती लगेच खरवडून काढायची. कणकेचा गोळा आणायच्या रूपरावांच्या घरच्या, देवकाबाई. कीर्तनकार मनोहररावबुवांनी अभंग घेतला आणि मी घुमलो की सभामंडपात बाया डोळे पुसायच्या. काय ते दिवस!

मग एका लग्नात कोणीतरी रूपरावांना मोहाची दारू पाजली. त्या संध्याकाळी कीर्तनात टाळकरी किसनराव म्हणाले, "लय खुलला गड्या हात आज."

झालं. जिल्ह्यात दारूबंदी होती, तरी दर शनिवारी नाल्याकडून बाटली यायची, आणि ती आणायचे टाळकरीच. देवळामागं पाजायचे, वास येऊ नये म्हणून तोंडात तुळशीचं पान द्यायचे आणि रूपरावांना आत आणून बसवायचे.

देवकाबाई म्हणायच्या, "किसनभाऊ, त्याइले देऊ नोका."

"वहिनी, देवाच्याच कामाले देतो."

"मंग प्यालेला माणूस कोनाच्या घरी येते भाऊ, देवाच्या?"

सगळे हसायचे. मलाही, खरं सांगतो, ती वाहवा गोड लागायची.

एक्क्याऐंशीच्या श्रावणात बुवांनी नेमकं व्यसनावरच निरूपण लावलं होतं. रूपरावांचा ठेका सुटला, आणि ते रक्त ओकत माझ्यावरच कोसळले. त्यांना दवाखान्यात नेण्याच्या धांदलीत माझी कणीक कोणी काढलीच नाही. आठ दिवसांत ती दगड झाली, कातडं तडकलं.

पुढच्या शनिवारी देवकाबाई ओलं फडकं घेऊन आल्या. कणीक भिजवत, कोणाकडे न बघता बोलल्या, "ओली होती तवाच काढा लागत होती. म्या पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं."

मग बुवा म्हणाले, "वास मले येत होता, बाई. ठेका गोड लागे, म्हणून म्या गप राह्यलो. आता रूपराव येतपर्यंत मृदंग खुंटीवरच राह्यल."

दोन महिने कीर्तन नुसत्या टाळांवर झालं. रूपराव परतले तेव्हा त्यांच्या बोटांत पहिली ताकद उरली नव्हती. पहिल्याच अभंगाला ठेका चुकला. किसनरावांनी टाळ थांबवले आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"पह्यल्यावानी नाई वाजत आता," रूपराव म्हणाले.

"नाई वाजू द्या," बुवा म्हणाले. "आमी तुमच्या मागं मागं गाऊ."

मित्रांनो, तेव्हापासून आमचं कीर्तन जरा संथच चालतं. माझा आवाजही फाटका येतो. पण कीर्तन संपलं की किसनराव स्वतः माझी कणीक काढतात, ओली असतानाच. तुमच्या ओळखीत कोणाला प्यायल्यावर रंग चढतो असं कोणी कौतुकानं म्हणालं, तर हसू नका. त्याच दिवशी पाजणं थांबवा.