थापांच्या बाकावर सांगितलेलं खरं

हार्केझाइलच्या धक्क्यावर, कालव्याच्या जुन्या पुलाला लागून, एक लांब लाकडी बाक आहे. सगळं गाव त्याला थापांचा बाक म्हणतं. समुद्रावरून परतलेल्या म्हाताऱ्या तांडेलांनी तिथे बसून थापा माराव्यात आणि ऐकणाऱ्यांनी सगळं कळत असूनही माना डोलवाव्यात, अशी तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. नेदरलंड्सचा हा फ्रिसलंड प्रांत बघायला आलेले लोक आधी चर्चचा कलता मनोरा बघतात, मग संग्रहालयातली रंगीत कपाटं बघतात आणि दोनच्या सुमाराला या बाकापाशी येतात. कारण तिथे वोपके असतो.

वोपकेच्या जिभेला हाड नाही. जन्मभर त्याने बोटींसाठी पूल उचलायचा आणि खाली सोडायचा, एवढीच नोकरी केली. बोलायला माणूस मिळत नसे. निवृत्त झाल्यावर रोज चाळीस-चाळीस माणसं समोर उभी राहायला लागली आणि गडी सुटलाच. त्याच्या आजोबांनी म्हणे शीळ घालून हेरिंग माशांना जाळ्यात बोलावलं होतं. असल्या थापांनी कुणाचं काय बिघडणार?

एका थापेने मात्र बिघडलं. पंधरा वर्षांपूर्वी कंटाळलेल्या जर्मन मंडळींची एक बस आली होती. काही केल्या कुणी हसेना. तेव्हा वोपकेने कालव्यापलीकडच्या हिरव्या दाराच्या घराकडे बोट केलं आणि आवाज खाली आणला. "तिथे डूके तांडेल राहायचा. वादळात दोन खलाशांना बुडत्या बोटीवर सोडून एकटा होडीत चढला." मंडळींनी श्वास रोखले. वोपकेला तेवढंच हवं होतं.

खरं काय ते त्याला ठाऊक होतं. डूके त्या दोघांसाठी तीनदा परत गेला होता. चौथ्यांदा जाऊ नये म्हणून लोकांनी त्याला धरून ठेवलं. दोर ओढून ओढून त्याच्या उजव्या तळहाताची कातडी गेली होती. पट्ट्या बांधलेला तो हात वोपकेने लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता. आणि डूकेची लेक हिस्के अजून त्याच घरात राहत होती.

दरवर्षी थाप फुगत गेली. पुढे पर्यटन समितीने ती तीन भाषांत फलकावर लिहून पुलाशी लावली. त्या दिवसापासून हिस्के दोन वाजले की खिडकीचा पडदा ओढून घेऊ लागली. या गावात घरात प्रेत असल्याशिवाय दिवसा कुणी पडदा ओढत नाही. आणि वोपकेने, जोड्याने मारावं अशीच ही गोष्ट, तो पडदासुद्धा थापेत घेतला. "बघा, लेक अजून तोंड लपवते!"

आता हिस्केचे गुडघे गेले होते. बाकावरचा जोडीदार रिन्स म्हणाला, "शनिवारी भाचा नेतोय तिला, स्नेक शहरातल्या वृद्धाश्रमात. तुझं दुकान बसलं रे. पडदा कोण ओढणार आता?"

वोपकेला हसू आलं नाही. ती गेल्यावर तो कुणाची माफी मागणार होता? फलक उतरवा म्हणून सांगायला तो समितीच्या कचेरीत गेला. तिथली मुलगी म्हणाली, "अर्ज द्या, आजोबा. बैठक ऑक्टोबरात आहे." मग तो कॉफीच्या वेळेला केक घेऊन हिस्केच्या दारात उभा राहिला. तिने त्याला आत बोलावलं नाही.

"चुकलो, हिस्के."

"पंधरा वर्षांनी कळलं होय रे, मेल्या?"

"माफी मागायला आलोय."

"मला काय सांगतोस? बापाच्या हाताला पट्टी मी बांधलीय. ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना खरं सांग. शुक्रवारी मी खिडकीत बसते. इतक्या लांबचं ऐकू येत नाही मला, पण दिसतं."

"सांगतो. शपथ."

"शपथ तू घेऊ नकोस. आणि तो केक ने परत."

शुक्रवारी बरीच गर्दी होती. पलीकडे पडदा उघडा होता आणि काचेमागे हिस्के ताठ बसली होती. वोपके सवयीने बाकावरच बसला. तिथेच चुकलं. त्याने सगळं सांगितलं: तीन खेपा, दोर, तळहात. शेवटी म्हणाला, "फलकावरचं खोटं आहे. ते मी रचलं."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळेच खदखदले.

"वा, आजोबा! फलकावरचं वाचलं तेव्हाच म्हटलं, तुम्ही हे काहीतरी उलटं फिरवणार!" एक बाई म्हणाली.

"अहो, खरं सांगतोय मी!"

"या बाकावर?" तिच्या नवऱ्याने डोळे मिचकावले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

वोपके उठून उभा राहिला, ओरडला, आईची शपथ घेतली. तो जितका कळवळून बोले तितक्या टाळ्या वाढत. लांडगा आला रे आला, दुसरं काय! रिन्ससुद्धा डोळे पुसत हसत होता. शेवटी वोपके गर्दीतून वाट काढत पूल ओलांडून गेला.

हिरवं दार उघडंच होतं. टेबलावर दोन कप मांडले होते.

"बस," हिस्के म्हणाली. "सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

"मग हसत का होते?"

"मला हसत होते. किती मूर्ख आहे मी, म्हणून."

"आणि टाळ्या?" तिचा आवाज कापरा झाला. "मी पाहिल्या टाळ्या. माझ्या बापासाठी होत्या?"

वोपकेने आयुष्यात हजारो थापा मारल्या होत्या, पण एकीसाठीही टोपी काढली नव्हती. आता त्याने ती काढली.

"हो," तो म्हणाला. "डूके तांडेलसाठीच. एक बाई तर रडली."

हिस्केने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तिने डोळे पुसले, कॉफी ओतली आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. एका कपाला एक बिस्किट आणि लगेच झाकण, ही तिथल्या घराघरातली शिस्त. तिने झाकण लावलं नाही.

"आणखी एक घे, वोपके," ती म्हणाली. "आता मी सुखाने जाते."

त्याने आणखी एक घेतलं आणि तिच्यादेखत ते संपवलं.