इतिहासाला विद्यार्थी हवेत

अकोल्याचं ते कॉलेज बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये सुरू झालं, तेव्हा पहिल्या तुकडीत बाळापूरचे किसनराव तायडे होते. पुढे ते शाळेत मास्तर झाले आणि त्यांचा मुलगा धम्मदीप त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवू लागला. दरम्यान शेड पाडून फार्मसीची इमारत उभी राहिली, मागच्या शेतात इंजिनिअरिंग आलं, आणि आता संस्थेला स्वतःचं विद्यापीठ व्हायचं होतं. इतिहासाच्या वर्गात मात्र चारच पोरं उरली होती.

"वर्ग भरा, नाही तर बंद," संस्थेचे सचिव म्हणाले.

धम्मदीप गावोगाव हिंडला. बाळापूरकडची पोरं तोंडावर विचारत, "इतिहास शिकून का करू, सर?" शेवटी तो जीपने डोंगरात, धारणीपलीकडच्या एका गावात पोचला. तिथे सहदेव कासदेकरची पायल बारावी होऊन घरी बसली होती. एवढं शिकलेली गावातली ती पहिलीच मुलगी.

"पण ही राहीन कुठी?" सहदेवने विचारलं.

"कॉलेजचं मुलींचं वसतिगृह आहे की!"

ते यंदा चालू राहणार का, हे धम्मदीपने कोणाला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

बापलेक पेटी घेऊन आले, तर वसतिगृहाच्या खोल्यांत फार्मसीची टेबलं लागत होती. धम्मदीप कसनुसा हसला आणि पायलला जुन्या शहरातल्या आपल्या घरी घेऊन गेला. सहदेव गावी परतला. धम्मदीपची बायको माया म्हणाली, "आणली तं आणली. आता तिले वाऱ्यावर सोडू नका."

पायलने तास सुरू व्हायची वाट पाहिली. तास सुरू झालेच नाहीत. वर्ग बंद केल्याची नोटीस तेवढी लागली.

"साहेब, माझी नोकरी जाऊ द्या," धम्मदीप सचिवांना म्हणाला, "पण त्या पोरीचं वर्ष वाचवा."

"तिले आणा म्हणून मी सांगतलं होतं का?"

मग तो तिला घेऊन अमरावतीला गेला. एका कॉलेजात प्रवेश संपले होते, दुसऱ्यात जागा होती पण राहायची सोय नव्हती. तिसऱ्या ठिकाणी त्याने प्राचार्यांपुढे हात जोडले. ते चांगले होते, खुर्चीवरून उठून म्हणाले, "सर, आधी आले असते तर!" बाहेर झाडाखाली पायल उभी होती. त्याचा चेहरा पाहून ती स्टँडकडे चालू लागली.

निरोप मिळाला तसा दुसऱ्या दिवशी सहदेव मुलीला न्यायला अकोल्याच्या स्टँडवर आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं धम्मदीपला वाटलं.

"तुमी खोटं काहून बोल्ले, सर?"

"मले पोरं पायजे होते," धम्मदीप म्हणाला. दुसरं कारण त्याच्याजवळ नव्हतं.

"गावात अजून तीन पोरी आहेत. हिच्याकडं पाहून शिकून राहिल्या. त्यांच्या मायबापाले का सांगू मी?"

धारणीची गाडी लागली. पायल खिडकीशी बसली आणि तोंड फिरवून रडू लागली. धम्मदीपने मायाला फोन करून उद्या येतो म्हणून सांगितलं, आणि गाडीत चढला.

"तुमी कुठी?" सहदेवने विचारलं.

"त्या पोरींच्या मायबापाले मीच सांगतो," धम्मदीप म्हणाला.

सहदेव पायलशेजारी बसला. त्याने बसा म्हटलं नाही, उतरा म्हटलं नाही. धम्मदीप मागच्या सीटवर जाऊन बसला. गाडी सुटली.