रिकामं म्हणजे शून्य

पाणी तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात मला बजावलं गेलं, की नोंदवहीतली चौकट रिकामी दिसली तर तिला शून्य समजायचं नाही. मोजायचं राहिलंय, असं धरायचं आणि ज्याला दिसेल त्याने विचारायचं. काचसामान धुणाऱ्या मावशी हा नियम अकरा वर्षं पाळत आल्या होत्या.

एके दिवशी निवृत्ती निधीचे दरवर्षीचे फॉर्म आले. पगारातले किती टक्के कापायचे ते आपण लिहायचं. आपण घालू तेवढेच कंपनीही घालते, आठ टक्क्यांपर्यंत. मुदत संध्याकाळी पाचची. मी डोळे मिटून आठ लिहिले.

"माझाही बघ गं," मावशी हात पुसत म्हणाल्या. "मी नुसती सही करून देते. आकड्याचं मला काय कळतंय? लागलं तर विचारतील की."

"विचारलं कधी?"

"नाही. म्हटलं, सगळ्यांचं कापतात तसं माझंही कापत असतील. पगाराच्या चिठ्ठीत इतकी कापाकापी असते, बघतंय कोण."

मी त्यांना घेऊन वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात गेले. त्यांच्या मुलाच्या वयाच्या कारकुनाने फाइल काढली. अकरा फॉर्म, प्रत्येकावर सही, टक्क्यांची चौकट प्रत्येकावर कोरी.

"रिकामं म्हणजे शून्य," तो म्हणाला. "मागे छापलंय."

छापलं होतं खरं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

"म्हणजे माझं काहीच जमा नाही?" मावशींनी विचारलं.

"नाही. आणि तुमचं नाही, तर कंपनीचं कुठून येणार?"

"अकरा वेळा हा कागद तुमच्या हातात आला," मी म्हटलं. "एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

"मॅडम, फॉर्म घेणं माझं काम. दारोदार विचारत फिरू का?"

"मागचं आता भरता येईल?"

"नियमात नाही."

पाण्याच्या अब्ज भागांत दहा भाग शिसं असलं तरी आम्ही ते शोधून काढतो. इथे एका बाईचं अख्खं म्हातारपण गहाळ झालं होतं आणि हा माणूस शांतपणे टाचण्या गोळा करत होता.

मावशींच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती. "आठ लिहिले तर महिन्याला हातात किती येतील?"

मी हिशोब करून सांगितलं. त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "लिही आठ."

"नीट विचार करा, मावशी," कारकून म्हणाला. "घरात ओढाताण होईल."

"अकरा वर्षं तू केलास तेवढा विचार पुरे. आता माझा मी करते."

सही झाली, पण त्या उठल्या नाहीत. खुर्ची टेबलाजवळ ओढून म्हणाल्या, "आता ड्रायव्हरचा काढ. वॉचमनचा काढ. अशा कोऱ्या सह्या जेवढ्यांच्या असतील तेवढे सगळे काढ."

"मावशी, असं नसतं हो. पाच वाजत आलेत."

"साडेचार झालेत. पोरी, तू एकेकाला वर पाठव. मी बसते इथे, याच्या सोबतीला."

मी जिन्याकडे पळाले.