हर्षालीचा उखाणा, जैतूची गोळी

सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यात लग्न ठरलं की कुणीतरी आधी जैतूकडे पळायचं, उखाण्यासाठी. नवरी कितीही मुखदुर्बळ असो, जैतू असा उखाणा बांधून द्यायचा की मांडव हसून आडवा. ‘टोकावड्याच्या बाजारात सुकट मिळते ताजी, कमळाकररावांचं नाव घेते, सासू झाली राजी’, हा त्याचाच. वाळवलेली मासळी ताजी कशी रे, असं विचारणाऱ्याला जैतू सरळ वेड्यात काढायचा.

आता गंमत अशी, की बाविसाव्या वर्षापासून जैतूच्या डोक्यात एक मास्तर राहायला आले होते. दिसायचे नाहीत, नुसते बोलायचे. शहापूरच्या डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं. जैतूची बहीण लहानी ‘मास्तरांचं दुखणं’ म्हणायची. जैतू उखाणा जुळवायला बसला रे बसला की मास्तर खेकसायचे, “यमक नाय जुळलं! परत!” मग बिचारा परत जुळवायचा.

यंदा डॉक्टरांनी गोळी बदलली आणि मास्तर गप्प झाले. जैतू पोटभर जेवू लागला, गाढ झोपू लागला. डॉक्टरांनी त्याला भिंतीवर लावायला एक तक्ता दिला होता, आंघोळ, सडा-रांगोळी, मोळी, गोळी असा. काम झालं की पुढे खूण करायची. सगळं झकास चाललं होतं, पण मेले उखाणे आटले. आणि नेमकं तेव्हाच लहानीच्या लेकीचं, हर्षालीचं, लग्न ठरलं, वाशिंदच्या दीपेशशी.

“यमक मास्तरांचं व्हतं गो,” जैतू रडकुंडीला आला. “माझ्या भाचीला उखाणा नाय सुचला, तर गोळ्या नदीत फेकीन. मास्तरांना परत बोलवीन.”

लहानी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मागच्या खेपेला त्यानं गोळ्या सोडल्या, तेव्हा तीन दिवस ती त्याला रानात हाका मारत फिरली होती. सापडला तेव्हा त्यानं तिला ओळखलंसुद्धा नव्हतं.

“लय शाणा हायेस! मास्तर नुसते खेकसत व्हते, जुळवीत तूच व्हतास. आ कर.” गोळी गेली, पाणी गेलं. “आता जीभ उचल.”

लग्न लागलं तरी उखाण्याचा पत्ता नव्हता. जैतूनं गोळ्यांची पाकिटं गुपचूप खिशात घातली. घरी जाताना वाटेत नदी लागणारच होती. वऱ्हाड वाशिंदला पोचलं, तेव्हा तो हर्षालीच्या कानाशी लागला. “मी मागून सांगतो. मी म्हणेन तेच म्हण. एक अक्षर इकडचं तिकडं नको.”

दुसऱ्या मजल्यावर सासूबाई, अंबूबाई, दारात आडव्या उभ्या. उंबऱ्यावर तांदळाचं माप. “नाव घेतल्याबिगर आत नाय!” जिना माणसांनी गच्च भरलेला. हर्षालीच्या पाठीशी जैतू, आहेरातल्या मिक्सरच्या खोक्यामागे तोंड लपवून.

“थांब गो, आठवू दे,” खोकं पुटपुटलं.

“थांब गो, आठवू दे!” हर्षाली खणखणीत आवाजात म्हणाली.

अंबूबाईंच्या भुवया केसांत गेल्या. सासूला ‘गो’?

“तसं नाय, बये!” खोकं कळवळलं.

“तसं नाय, बये!”

जिना हसू लागला. लहानीनं कपाळावर हात मारला. जैतूनं मनातल्या मनात हाक मारली. मास्तर, आता तरी बोला! पण मास्तर कसले बोलतात! डोक्यात नुसता शुकशुकाट, आणि त्यात एकटा भिंतीवरचा तक्ता. मग काय, जैतूनं तोच धरला. तो सांगत गेला, हर्षाली म्हणत गेली:

“उठून केली आंघोळ, दारात रांगोळी,
दुपारच्याला रानातून आणली मोळी,
जेवल्यावर न चुकता घेते एक गोळी,
दीपेशरावांचं नाव घेते, भरली माझी झोळी!”

टाळ्या पडायच्या त्या थांबल्या. “कसली गो गोळी?” अंबूबाईंनी विचारलं.

लहानीनं डोळे मिटून घेतले. जैतू मात्र खोकं खाली ठेवून पुढे आला. भाचीवर बालंट कसं येऊ देईल?

“माझी हाय. डोक्याची. डोक्यात मास्तर बोलत्यात, म्हणून घेतो.”

“रोज?”

“रोज. तक्त्यावर खूण करतो.”

अंबूबाई गर्रकन नवऱ्याकडे वळल्या. “ऐकलंत? ह्याला म्हणतात माणूस! तुमची शुगरची गोळी काल पंख्याच्या पात्यावर सापडली!”

“आणि तुझी बीपीची तुळशीच्या कुंडीत!” नवरा फिस्कारला.

जिन्यात हसण्याचा असा भडका उडाला, की वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली. अंबूबाई बाजूला झाल्या, हर्षालीनं माप ओलांडलं. “मामा, तो तक्ता आमाला पण द्या एक,” अंबूबाई म्हणाल्या.

जैतू जिन्यातच उभा होता, कान देऊन. मास्तर काय म्हणतात याची तो वाट बघत राहिला. डोक्यात कुणीच काही बोललं नाही.

मग त्यानं खिशातली पाकिटं काढून लहानीच्या हातात ठेवली आणि आपल्याच आवाजात म्हणाला, “यमक जुळलं.”