पुढची गाडी ओलांडा

आरसा. इंडिकेटर. पुन्हा आरसा. मग उजवीकडून पुढे.

एवढंच तर करायचं होतं. नवऱ्याकडून हे ऐकून ऐकून नर्सबाईंची मान झोपेतसुद्धा आरशाकडे वळायची. तरी परीक्षेत दोनदा आपटल्या होत्या. या खेपेला लायसन्स मिळालं तर घरोघरी जाऊन रुग्ण बघायची नोकरी पक्की. नाही मिळालं तर नवऱ्याच्या शेजारची सीट होतीच, जन्मभर.

आता मध्येच नवऱ्याविषयी सांगायला हवं, कारण तो मध्येच आला.

बायकोला रस्ता मोकळा मिळावा म्हणून नवरोबा आपली गाडी घेऊन परीक्षेच्या रस्त्यावर आधीच निघाले होते. न सांगता. रमतगमत.

"पुढचा फारच रेंगाळतोय," शेजारी बसलेले परीक्षक म्हणाले. "ओलांडा बघू."

नर्सबाईंनी पाहिलं. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेत उशी होती. खोळ त्यांनीच शिवलेली.

आरसा. इंडिकेटर. पुन्हा आरसा. समोर रस्ता रिकामा. हॉर्न. उजवीकडे.

ओलांडायचं कसं, हे नवरोबांनी घोटून घेतलं होतं. ओलांडू द्यायचं कसं, हा धडा त्यांच्याकडे नव्हताच. मागून कुणी सरसावलं की "बघतोच याला!" म्हणत त्यांचा पाय दाबला जायचा. मागे नेमकं कोण आहे, हे बघायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

आत्ताही वाटली नाही.

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी पळू लागल्या. लांबून ट्रक येताना दिसला.

"अहो, सरका ना!"

नवरोबा सरकले नाहीत. नर्सबाईंनी पाय उचलला.

आरसा. इंडिकेटर. डावीकडे. मागे.

हे मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं. ट्रक निघून गेला, नवरोबा त्याहून लांब गेले, आणि नर्सबाईंनी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

"ओळखीचे आहेत का?" परीक्षकांनी विचारलं.

"कोण?"

"अहो म्हणालात."

"मी सगळ्यांनाच म्हणते, साहेब."

"असल्या माणसाची तक्रार करायला हवी. मागून कुणी ओलांडत असताना वेग वाढवतो म्हणजे काय! नंबर दिसला का तुम्हाला?"

नर्सबाईंनी क्षणभर विचार केला. मग अख्खा नंबर सांगून टाकला, न अडखळता.

"नजर चांगली आहे," परीक्षक लिहिता लिहिता म्हणाले. "माघारही वेळेवर घेतलीत. पास."

परीक्षा कार्यालयाच्या फाटकापाशी नवरोबा घाम पुसत उभे होते.

"अगं, काय सांगू! एक शहाणा माझ्यापुढे घुसायला बघत होता. अजिबात जाऊ दिला नाही. नाहीतर तुझ्याच वाटेत कडमडला असता."

"बरं केलंत हो."

"तुझं काय झालं?"

नर्सबाईंनी हात पुढे केला. किल्ली तळव्यावर पडेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

"पलीकडून बसा," त्या म्हणाल्या.

मग आरसा. तो नवऱ्याच्या उंचीला लावलेला होता. त्यांनी तो सावकाश खाली वळवला.