अर्थ सांगणाऱ्याची जागा

पोथी लावायची तर माणसं दोन लागतात. एक वाचणारा, एक अर्थ सांगणारा. उंद्रीच्या अलीकडच्या एका गावात श्रावणातल्या सोमवारी महादेवाच्या देवळात पोथी वाचायची ती भगवंतरावांनी आणि अर्थ सांगायचा तो रामरावांनी, हे इतक्या जुन्या काळापासून चालत आलेलं की गावातल्या निम्म्या लोकांना दुसरं काही आठवतच नव्हतं. भगवंतराव खणखणीत आवाजात एक ओवी वाचायचे आणि थांबायचे. रामराव डोळे मिटून अर्थ सांगायचे. अर्थ पुरा झाला की पोथीच्या चौरंगावर बोटानं टकटक करायचे. टकटक झाली म्हणजे पुढची ओवी. ती ऐकल्याशिवाय भगवंतरावांनी आजवर पान उलटलं नव्हतं.

आता वाचणाऱ्याला अर्थ कळतो की नाही, हे त्यांना कुणी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही. आपलं काम वाचायचं. अर्थाचं रामराव पाहून घेतील. गावात मान मिळत होता, बायाबापड्या पाया पडत होत्या, आणखी काय पाहिजे होतं त्यांना?

पण यंदा मृगाच्या तोंडावर रामरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. श्रावणाचे पहिले दोन सोमवार भगवंतरावांनी पोथी एकट्यानंच वाचली, न थांबता, रेल्वे सुटल्यासारखी. देवळाच्या समितीचे अध्यक्ष शंकरराव म्हणाले, "मोबाईलवर अर्थ सांगणारे लय भेटतात, लावून देऊ का एखादा?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या आणि विषय तिथंच राहिला. आज तिसरा सोमवार. रामरावांनी घरी डाव्या हातानं खाणाखुणा करून करून पोरांचा जीव खाल्ला होता, म्हणून आज त्यांना खुर्चीत बसवून देवळात आणणार होते.

हे कळल्यापासून भगवंतरावांचं सकाळपासून कशातच मन लागेना. शेतात जायला निघाले आणि बांधावरूनच परत आले. चहा मागितला आणि थंड होऊ दिला. बैलाचं दावं सोडलं, पुन्हा बांधलं. त्यांची बायको मनकर्णाबाई ओसरीवर जुन्या लुगड्याची गोधडी शिवत बसली होती, लहान, हातभर. ती कुणासाठी ते घरात दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही बोलत नव्हते.

गोष्ट अशी होती. त्यांची एकुलती एक पोरगी प्रेरणा. गेल्या साली तिनं बुलढाण्याला रजिस्टर लग्न केलं, देऊळघाटच्या देवानंदशी. पोरगा बँकेत नोकरीला, घर शिकलेलं, सासू धम्मशीलाबाई म्हणजे जीव लावणारी बाई. पण पोरगा बौद्ध. भगवंतरावांना एवढी एकच गोष्ट दिसली, बाकीच्या दिसल्या नाहीत. त्यांनी याच देवळाच्या पायरीवर उभं राहून चार लोकांत सांगितलं होतं, "मले पोरगी नाई." लोकांनी माना हलवल्या. माना हलवायला लोकांना काय लागतं.

आणि आता पोरीला सातवा महिना सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत कुणी मोडत नाही. धम्मशीलाबाईंनी मनकर्णाबाईला फोन केला होता. "विहीणबाई, मंगळवारपासून आठवा लागते. मंग डॉक्टर गाडीत बसू देनार नाई. न्यायची असन तं सोमवारी न्या. नाई तं मी हावोच, मले काय जड आहे का पोरगी?" मग फोन प्रेरणानं घेतला. ती एवढंच म्हणाली, "आई, बाबा न्यायले आले तं येतो. तू एकटी आली तं येत नाई."

भगवंतरावांनी हे पलीकडच्या खोलीतून ऐकलं आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

खरं सांगायचं तर त्यांना जायचं होतं. पोरीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून जायचं होतं. पण गाव काय म्हणेल, शंकरराव काय म्हणतील, पोथीच्या आसनावर मग बसू देतील का, असं सगळं डोक्यात भणभण करायचं. झटका यायच्या चार दिवस आधी त्यांनी रामरावांना शेताच्या वाटेवर गाठलं होतं. म्हणाले, "रामभाऊ, पोरीले आनू का नको? तुमी सांगा." रामराव तरुणपणी कुठल्याशा शैव साधूच्या मागं फिरून आलेला माणूस. सरळ उत्तर द्यायची सवय त्यांना नव्हतीच. ते हसले आणि म्हणाले, "पोथीवर विचार ना बे. तिथं सांगतो."

भगवंतरावांना वाटलं, चला, बरं झालं. रामराव भर देवळात अर्थ सांगतील, 'आण' म्हणतील किंवा 'नको' म्हणतील. गावानं विचारलं तर म्हणता येईल, मी काय करू, पोथीचा अर्थच तसा निघाला. सगळं ओझं रामरावांच्या डोक्यावर ठेवून हा गडी मोकळा. आणि नेमकं ते उत्तर घेऊन रामरावांचं तोंड बंद झालं. भगवंतरावांना मित्राचं दुःख झालंच, पण त्याहून जास्त राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

दुपार कलली तसे लोक जमले. रामरावांची खुर्ची चौरंगाच्या डाव्या अंगाला ठेवली. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे जसेच्या तसे. भगवंतरावांनी नमस्कार केला, पोथीचं लाल फडकं सोडलं. बायांच्या रांगेत खांबाला टेकून मनकर्णाबाई बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

वाचता वाचता ती ओवी आली.

"देवी पुसे सदाशिवा । तूच नांदसी सर्व जीवा । तरी कोण्या घरा-गावा । तुझे बिऱ्हाड नाही ॥"

भगवंतराव सवयीनं थांबले. थांबल्यावर ध्यानात आलं, की आता अर्थ सांगणारं कुणी नाही. रामरावांनी डोळे मिटले होते, पूर्वी मिटायचे तसेच. कुणीतरी खोकललं. भगवंतरावांना वाटलं, लोक आपल्याकडंच पाहतायत. मग त्यांनी रामरावांचेच शब्द उचलले. इतकी वर्षं कानावर पडलेले, पाठच होते.

"अर्थ असा, की पार्वतीमाय विचारते अन् महादेव सांगते. पन पार्वती अन् महादेव काही दोन नाईत. म्हनजे विचारनारं बी तेच अन् सांगनारं बी तेच. सगळ्याइत एकच शिव आहे."

लोकांनी माना हलवल्या. शंकरराव म्हणाले, "बरोब्बर. चला, वाचा पुढं."

पण टकटक झाली नाही.

भगवंतरावांनी पान उलटायला बोट लावलं. तसा रामरावांचा डावा हात हळूच पुढं आला आणि पानावर येऊन बसला. डोळे उघडले. ते भगवंतरावांकडे पाहत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. अर्थ अजून यायचाय आणि आपण त्याची वाट पाहतोय, एवढंच होतं त्यात.

काय पाहिजे या माणसाला? म्हणे पोथीवर सांगतो. सांग ना मग. मी वाचणारा, अर्थ तुझ्याकडं. त्यांनी पुन्हा ओवी वाचली, या वेळी हळू. 'कोण्या घरा-गावा तुझे बिऱ्हाड नाही.' आणि अक्षरांवरून नजर फिरता फिरता त्यांना देऊळघाट दिसलं. ते घर त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. तरी दिसलं. दारात प्रेरणा उभी, हात कमरेवर, पोट पुढं आलेलं, रस्त्याकडे पाहणारी. शिव सगळीकडं आहे म्हणून इतकी वर्षं घसा ताणून वाचलं, आणि तेवढं एक दार मात्र आपण त्यातून वगळलं. हे कोण बोललं? रामराव तर गप्प होते. पोथीत तर असं काही लिहिलेलं नव्हतं. भगवंतरावांनी इकडंतिकडं पाहिलं. आवाज त्यांच्याच छातीतून आला होता, आणि तो आजचा नव्हता. तो कितीतरी दिवसांपासून बोलत होता आणि ते त्यालाच म्हणत होते, थांब, रामरावांना विचारून सांगतो.

त्यांनी पोथीवरून नजर उचलली आणि लोकांकडे पाहिलं.

"अर्थ असा," ते म्हणाले, "की माही पोरगी देऊळघाटले आहे. मी म्हनलं होतं मले पोरगी नाई. इथंच म्हनलं होतं, पायरीवर. ते खोटं होतं. मले पोरगी आहे. अन् मी तिले आनायले चाललो."

मग शंकरराव घसा खाकरून म्हणाले, "भगवंतराव, पोथीवर घरचं आनायचं नसते. अन् हा अर्थ पोथीत कुठं आहे, दाखवा बरं आमाले."

"पोथीत नाई," भगवंतराव म्हणाले. "उद्या आसनावर बसू नका देऊ मले. चालन."

शंकरराव आणखी काही बोलणार होते. तेवढ्यात आवाज झाला. बारीक, पण चौरंगाच्या लाकडावरचा, सगळ्यांच्या ओळखीचा.

टक. टक.

रामरावांनी डाव्या हाताच्या बोटानं केलं ते. हात सवयीचा नव्हता, म्हणून जरा अडखळत केलं. वाकड्या ओठांतून लाळ गळत होती आणि डोळ्यांतून पाणी. अर्थ पुरा झाला होता. शंकररावांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं. टकटक झाल्यावर मध्ये बोलायची या देवळात पद्धत नव्हती.

भगवंतरावांनी पान उलटलं. पुढची ओवी त्यांनी आयुष्यात कितीदा वाचली असेल, पण आज प्रत्येक शब्द दातांत अडकत होता.

"शिव म्हणे, जेथून प्रश्न । तेथेच माझे आसन । उत्तर आलिया आतून । मज कासया पुससी ॥"

तिथं त्यांनी खूण ठेवली, पोथी फडक्यात बांधली आणि रामरावांच्या मांडीवर ठेवली. आजवर अध्याय कधी अर्धा टाकला नव्हता. रामरावांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठले. काही माणसांनी वाट दिली, काहींनी मुद्दाम दिली नाही. ते तसेच मधून गेले.

बाहेर आले तर पायरीपाशी गावात भाड्यानं गाडी चालवणाऱ्या गजेंद्राची जीप सुरू करून उभी. गजेंद्र स्टिअरिंगवर बसून समोर पाहत होता, जणू काही ऐकलंच नाही. आणि मनकर्णाबाई मागच्या सीटवर, केव्हाचीच जाऊन बसलेली. मांडीवरची पिशवी उघडी होती. आत ती हातभर गोधडी घडी करून ठेवलेली, आणि तिच्याखाली प्रेरणाच्या आवडीचे शेंगदाण्याचे लाडू.

भगवंतराव पाहतच राहिले. "अवो, जीप कोनं सांगितली?"

"मी."

"कधी?"

"सकाळी."

"तुले काय माईत मी असं म्हनीन म्हनून? मलेच माईत नोयतं."

मनकर्णाबाईनं सरकून त्यांना जागा केली. पदरानं डोळे पुसले आणि रागानंच म्हणाली, "तुमी इतके वर्स नुसते वाचत होते. मी खाली बसून ऐकत होते."